हिरवं बटण

मास्तर आमच्या खात्यात आले तेव्हा त्यांच्या खिशाला दोन पेनं होती. आमच्या कामात पेन लागतच नाही. आमच्याकडे लागतो कान, आणि कान म्हटलं की मास्तरांना पोरांचे पिळायचेच आठवत असणार.

काम काय ते सांगते. दूर देशातल्या लोकांना पलंग, कपाटं, टेबलं घरपोच विकणारी एक कंपनी आहे. माल मोडका निघाला किंवा उशिरा आला की तिची गिऱ्हाइकं फोन करतात. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावरची पोरं-पोरी त्यांच्याशी इंग्रजीत गोड गोड बोलतात आणि ते सगळं बोलणं टेप होतं. वरच्या मजल्यावर आम्ही बसतो. हेडफोन लावायचे, टेप ऐकायची आणि शेवटी बटण दाबायचं. गिऱ्हाईक खूश असेल तर हिरवं, चिडलेलं असेल तर लाल. लाल लागलं की कुणीतरी त्याला परत फोन करून माफी मागतं. हिरवं लागलं की विषय संपला. चिडलेल्याला चुकून हिरवं लागलं तर तो कायमचा दुसऱ्या दुकानात जातो आणि कंपनी आमच्या नावाने बोटं मोडते.

ऐकायला सोपं वाटतं. पण गोची अशी, की आपला माणूस चिडला की भिंतीपलीकडच्यालाही कळतं, आणि ही गिऱ्हाइकं चिडली की कौतुक करायला लागतात. 'हाउ वंडरफुल' म्हणतात. 'थँक्स अ बंच' म्हणतात. 'टेक युअर टाइम, मी यंदा दुसरं काही ठरवलेलंच नाही' म्हणतात, तेही असं, की जणू तुम्हाला जेवायला बोलावतायत. बोलायचं एक आणि मनात त्याच्या नेमकं उलट. इंग्रजीत ह्याला आयर्नी म्हणतात. मी खवचटपणा म्हणते. आमच्या अख्ख्या खात्याचं पोट ह्या खवचटपणावर चालतं, कारण अजून ते यंत्राला कळत नाही.

मास्तरांनाही कळत नव्हतं. त्यांची पहिलीच टेप मला आठवते. एका बाईंचा पलंग आला होता, त्याचे पायच आले नव्हते. बाई म्हणाल्या, "ओ, लव्हली. जस्ट व्हॉट आय ऑल्वेज वॉन्टेड. ॲट लीस्ट आय कान्ट फॉल ऑफ इट." मास्तरांनी हिरवं दाबलं आणि खाली शेरा लिहिला: पलंगाच्या कमी उंचीमुळे ग्राहक समाधानी.

हा शेरा लिंबूच्या हाती लागला. लिंबू म्हणजे आमचे साहेब. त्यांच्या काचेच्या खोलीबाहेर त्यांचं खरं नाव लिहिलेलं आहे, पण ते कुणी वापरत नाही. त्या माणसाच्या तोंडून सरळ वाक्य म्हणून निघत नाही. तहान लागली तर "आज ह्या इमारतीत पाण्याचा योग आहे का?" असं विचारतात. माझी बहीण गेली तेव्हा रजा मागायला गेले, तर म्हणाले, "घ्या की. काम काय, आम्ही जन्मलोच आहोत त्यासाठी." आणि रजा दिली, वर दोन दिवस जास्त दिले. माणूस वाईट आहे की नुसता आंबट आहे, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. त्या दिवशी त्यांनी मास्तरांचा शेरा मजल्याच्या मधोमध उभं राहून मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "जीनियस, मास्तर. अ ट्रू जीनियस."

मास्तर उठून उभे राहिले. शर्ट खाली ओढला. "थँक यू, सर. सो काइंड ऑफ यू."

मजल्याला नवं खेळणं मिळालं. आमच्यात एक रेडिओ आहे. वय तिशीच्या आतलं, तोंड सकाळी सुरू झालं की संध्याकाळीच बंद. त्याने मास्तरांना 'लेजंड' म्हणायला सुरुवात केली. मास्तरांनी कॉफीच्या यंत्राचं योग्य बटण दाबलं, लेजंड. गुंतलेली वायर सोडवली, लेजंड. मग बाकीचे सुरू झाले. आउटस्टँडिंग काय, ब्रिलियंट काय, 'व्हॉट वुड वी डू विदाउट यू' काय. मास्तर प्रत्येकाला वळून धन्यवाद द्यायचे, आणि ते वळले की मागे तोंडात रुमाल कोंबलेले असायचे. मला त्या सगळ्यांची चीड यायची. मास्तरांचीही यायची. एवढा वयाने मोठा माणूस, आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं, आणि हे दिसू नये?

एकदा मी मुद्दाम विचारलं, "मास्तर, आयर्नी म्हणजे काय हो?" त्यांनी खुर्चीत ताठ बसून व्याख्या म्हणून दाखवली, एक शब्द न चुकता. वर म्हणाले, "पाच मार्कांना हमखास येते. आपल्याकडे व्याजस्तुती म्हणतात, तिची ही धाकटी बहीण." व्याख्या पाठ होती, पण समोरून जाताना ती बया त्यांना ओळखू येत नव्हती.

ह्याचं कारण मला नंतर समजलं. मास्तरांच्या घरी वडील शिव्या द्यायचे मराठीत आणि शाबासकी द्यायचे इंग्रजीत. गाढवा, मूर्खा, दगडा हे रोजचं. पण कधी वर्षाकाठी 'व्हेरी गुड' म्हणाले, तर पोरगं आठवडाभर हवेत. पुढे मास्तरांनी स्वतःही तेच केलं. वर्गात मराठीतून कान उपटले आणि वहीत इंग्रजीतून 'एक्सलंट' लिहिलं. इंग्रजीतून कुणी आपल्याला नावं ठेवील, हे त्यांच्या डोक्यातच बसत नव्हतं. ती भाषा त्यांच्या दृष्टीने शाबासकीसाठीच होती.

हे मला कळलं ते त्यांच्या आजारी बायकोला बघायला घरी गेले तेव्हा. शाळा बंद पडल्यावर मास्तर आमच्याकडे आले ते चाचणीवर. चाचणीच्या मुदतीत काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर घरी. कायम झालेल्यांच्या घरच्यांचा दवाखान्याचा खर्च कंपनी उचलते, आणि मास्तरांना नोकरी हवी होती ती त्याचसाठी. बायकोचा खुबा गेला होता. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, सांधा बदलायचा, आणि लवकर बदलायचा, नाहीतर त्या अंथरुणाला खिळणार.

तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पलंगापासून ओट्यापर्यंत सामान अशा बेताने मांडलेलं, की मास्तरांच्या बाईंना धरत धरत जाता यावं. पलंगाशेजारी खुर्ची, पुढे टेबल, मग फ्रिज, मग ओटा. मी बसायला म्हणून ती खुर्ची जरा ओढली, तर मास्तर पटकन मला म्हणाले, "बाई, ती तिथेच राहू द्या." मी खुर्ची परत ठेवली आणि पलंगाच्या कडेवर टेकले.

बाई उठून चहा करायला निघाल्या, मास्तरांनी त्यांना बसवलं आणि स्वतः गेले. तेवढ्यात बाई माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "ताई, खरं सांगा हं. ह्यांना तिथे जीनियस म्हणतात ना? आमच्या शेजारणीला पटतच नाही."

"म्हणतात की," मी म्हटलं. शब्दापुरतं खरंच होतं.

"आणि ते लेजंड?"

"रोज म्हणतात."

"बघा! शाळेत इतकी वर्षं राबले, एका माणसाने कधी बरा शब्द काढला नाही हो. आता रोज संध्याकाळी माझा पाय चोळता चोळता सांगतात, आज हा असं म्हणाला, आज तो तसं म्हणाला. मला तेवढा वेळ दुखत नाही."

मास्तर चहा घेऊन आले. कान लाल झाले होते, म्हणजे सगळं ऐकलं होतं. घरी येताना मी ठरवलं, हे पुरे झालं. हसणाऱ्यांची तोंडं मी बंद करू शकत नव्हते. पण लिंबू चाचणीचा निकाल टेपांवरून लावणार होते, आणि मास्तर असेच हिरवं दाबत राहिले तर बाई त्या पलंगावरून उठणारच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना शिकवणीच्या रिकाम्या खोलीत बसवलं.

"मास्तर, तुमची आई कधी 'काय दिवे लावलेस' म्हणायची?"

"पुष्कळदा."

"मग तुम्ही काय करायचात? दिव्याचं बटण शोधायचात?"

मास्तर हसले. "बाई, ती बोलायची पद्धत झाली. मान खाली घालायचो."

"मग ती पलंगवाली लव्हली म्हणाली, तीही बोलायची पद्धतच."

"पण ती इंग्रजीत म्हणाली."

"इंग्रजी बोलणाऱ्यांना काय तोंड वाकडं करता येत नाही?"

मी त्यांना तीच टेप पुन्हा लावून दिली, मग तिसऱ्यांदा. म्हटलं, "आता शब्द ऐकू नका, सूर ऐका. शब्द मोठा आणि गोष्ट चिमुकली असेल तर लाल. स्क्रू वेळेवर आला म्हणून कुणी ओव्हर द मून होत नाही. शब्द उगाच लांबवला तर लाल. आणि बोलण्याआधी माणूस एवढंसं थांबला, तर डोळे मिटून लाल."

मास्तरांनी खिशातलं पेन काढलं, पण लिहिलं काहीच नाही. टेप ऐकत राहिले. मी दुसरी लावली, तिसरी लावली. चौथ्या टेपेला त्यांनी स्वतःहून मान हलवली आणि म्हणाले, "लाल." पाचवीला लाल. सहावीला एक आजोबा खरंच खूश होते, तिथे हिरवं म्हणाले, बरोबर. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली.

मास्तरांनी हेडफोन काढून ठेवले.

"बाई, शब्द मोठा आणि गोष्ट चिमुकली."

"अगदी बरोबर."

"मी काल वायर सोडवली, तेव्हा रेडिओ म्हणाला, यू आर अ लेजंड."

मी टेप थांबवली.

"आणि बोलण्याआधी थांबला होता."

मास्तर एकेक आठवत होते, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. जीनियस गेलं, आउटस्टँडिंग गेलं, ब्रिलियंट गेलं. माणसाचे दात एकेक करून उपटावे तसं चाललं होतं, आणि मी समोर बसून बघत होते.

"साहेबसुद्धा?" त्यांनी विचारलं.

"सुरुवात त्यांनीच केली."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"हो."

"मी बायकोला सांगत होतो, बाई. रोज."

मग ते उठले, तोंड धुऊन आले, आणि म्हणाले, "पुढची टेप लावा."

त्यानंतर मास्तरांच्या बोटाला हिरवं बटण ओळख देईना. सुरुवातीला अति झालं, खऱ्या खुशीलाही लाल लागायला लागलं, मग हळूहळू काटा मध्ये आला. महिना संपेपर्यंत त्यांची चूक सापडणं मुश्कील झालं. रेडिओने सकाळी "मॉर्निंग, लेजंड!" म्हटलं, की मास्तर त्याच्याकडे न बघता आपल्या खुर्चीकडे जायचे. खेळणं मोडल्यासारखं रेडिओचं तोंड व्हायचं. मला बरं वाटायचं. मास्तरांना काय वाटायचं ते ते सांगत नसत. कुणी नुसतं गुड मॉर्निंग म्हटलं तरी क्षणभर त्या माणसाकडे बघायचे, टेप पुन्हा मागे घेऊन ऐकावी तसे.

बाईंचा मला फोन आला. "ताई, हे हल्ली काही सांगतच नाहीत. पाय चोळतात, पण गप्प. परवा म्हटलं, भाजी छान झालीय, तर म्हणाले, बिघडली असेल तर सरळ सांग की. असं कसं हो झालं ह्यांचं?"

"कामाचा ताण आहे," मी म्हटलं. "एकदा कायम होऊ द्या, मग बघा."

चाचणीची मुदत संपली त्या दिवशी लिंबूंनी निवडक टेपा मास्तरांना लावल्या. त्यात भल्याभल्यांना फसवणाऱ्या होत्या. मास्तरांची एकही चुकली नाही. दुपारी लिंबू काचेच्या खोलीतून बाहेर आले, मास्तरांच्या टेबलाशी उभे राहिले. सगळ्यांनी हेडफोन काढले. लिंबू नेहमीसारखे थांबले, ओठ एका बाजूला ओढले, आणि म्हणाले, "वेल, मास्तर. यू आर सिंपली द फायनेस्ट पेअर ऑफ इअर्स इन द बिल्डिंग. वी आर ऑनर्ड टु कीप यू."

मनापासून म्हणाले. मी त्यांना वर्षानुवर्षं ओळखते, त्यांना ह्याहून सरळ बोलता येत नाही. मजल्याने टाळ्या वाजवल्या. त्यातल्या निम्म्या तरी खऱ्या होत्या. रेडिओने शिटी मारली. मास्तर उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, मला वाटलं आनंदाने. त्यांनी "थँक यू, सर" म्हटलं, हेडफोनची वायर नीट गुंडाळली, ड्रॉवरमधलं चष्म्याचं घर आणि जेवणाचा डबा बांधायचा रुमाल घेतला, आणि निघून गेले. सगळ्यांना वाटलं, बायकोला सांगायला घाईने गेले.

पुढचे दिवस मास्तर आलेच नाहीत. घरचेही फोन बंद. लिंबू जाता-येता म्हणायचे, "कायम झाले आणि अंतर्धान पावले. ह्याला म्हणतात कामाची गोडी." आमच्याकडे न कळवता घरी बसलं की नाव उडतं, कायम असो नाहीतर कच्चं असो, हे मास्तरांनाही माहीत होतं. मी रोज फोन लावत राहिले. शेवटी शनिवारी दुपारी, मास्तरांच्या नकळत, शेजारणीच्या फोनवरून बाईंचा फोन आला. रडत होत्या. "ताई, असं करतात का हो कुणी? काढायचं होतं तर काढायचं. पण सगळ्यांसमोर उभं करून, टाळ्या वाजवून?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शब्द मोठे, सूर लांबलेला, बोलण्याआधी थांबलेले. मीच शिकवलेल्या हिशेबाने ते वाक्य लालच होतं.

मी तशीच उठून लिंबूंच्या खोलीत गेले, सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. खुर्चीत मागे रेलले, काचेतून मास्तरांच्या टेबलाकडे बघितलं आणि म्हणाले, "आणा की, बाई. तुमच्या मास्तरांसाठी ती खुर्ची मी जन्मभर राखून ठेवतो."

आयुष्य लाल-हिरवं करण्यात घालवलेली मी. पण घाई होती, आणि मला तेच ऐकायचं होतं. ते वाक्य सरळ घेऊन मी जिना उतरले.

मास्तर दाराशी आले तेव्हा दाढी वाढलेली होती. आत बाई पलंगावर. मी उंबऱ्यातूनच म्हटलं, "मास्तर, तुम्ही कायम झालायत. साहेब खरं बोलत होते."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. "पुन्हा म्हणा."

"तुम्ही कायम झालायत."

"आणखी एकदा."

"मास्तर, तुमचं काम सगळ्यांत चांगलं आहे, म्हणून कायम केलं तुम्हाला." तिसऱ्यांदा म्हणताना ते मलाच खोटं वाटायला लागलं. खरं वाक्य असं लागोपाठ म्हणून बघा एकदा.

मास्तर हसले. फार वाईट हसले. "छान जमतं तुम्हाला, बाई. शेवटी माझ्या गुरू तुम्ही."

पलंगावरून बाई म्हणाल्या, "अहो, त्या एवढ्या लांबून आल्यात. खरं असेल."

"तुला त्यातलं काही कळत नाही," मास्तर त्यांच्यावर ओरडले. बाईंनी तोंड भिंतीकडे केलं.

माझं डोकंच फिरलं. "गाढव आहात तुम्ही!" मी म्हटलं. "अक्कल कुठे गहाण टाकलीत? बायको तिथे पलंगाला खिळत चाललीय आणि हा माणूस इथे मानापमानाचे प्रयोग लावून बसलाय! अहो, तो लिंबू जन्मला तेव्हा रडलासुद्धा तिरका असेल. त्याला सरळ बोलता आलं असतं तर त्याला लिंबू कशाला म्हटलं असतं? दगड आहात, शुद्ध दगड! मूर्ख!"

मास्तरांचा चेहरा बदलला. शिव्या मराठीत होत्या ना. त्या त्यांना जन्मापासून खऱ्या वाटत आल्या होत्या.

"खरंच?" ते म्हणाले.

"खरंच, मूर्खा!"

ते खुर्चीवर बसले, त्याच, न हलवायच्या. बाई हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. मी शेजारी बसून मास्तरांना समजावलं. म्हटलं, गिऱ्हाइकांची गोष्ट वेगळी आणि ह्या एका माणसाची वेगळी. त्याचा सूर धरायचा नाही, फक्त शब्द धरायचे. तो जे म्हणेल ते वहीत लिहिल्यासारखं सरळ वाचायचं. मास्तरांनी ते माझ्यामागून म्हटलं, शाळेतल्या पोरासारखं. "सूर नाही. फक्त शब्द."

"डॉक्टरांना सांगू का मग?" बाईंनी विचारलं.

"सोमवारी सांगू," मास्तर म्हणाले. "आधी मला जाऊन बसू दे खुर्चीवर."

सोमवारी आम्ही दोघं एकदमच जिना चढलो. मास्तरांनी दाढी केली होती, शर्टाला इस्त्री होती. दार ढकललं आणि मला आधी दिसलं. मास्तरांच्या टेबलावर रेडिओचा कॉफीचा मग होता. त्यांच्या खुर्चीत रेडिओ होता, त्यांचे हेडफोन त्याच्या गळ्यात होते. खिडकीजवळची जागा, कितीतरी दिवस त्याचा तिच्यावर डोळा होता. मी काही बोलायच्या आत लिंबू काचेच्या खोलीच्या दारात आले.

"वेल, वेल," ते म्हणाले. "मास्तर हिमसेल्फ. वी हॅव बीन काउंटिंग द मिनिट्स. डू मेक युअरसेल्फ ॲट होम."

कुणीतरी नाकातून हसलं.

मास्तर दारातच थांबले. त्यांचे ओठ हलत होते. एकेक शब्द घेऊन, सूर बाजूला ठेवून, ते वाक्य लावत होते. मी त्यांची बाही धरली, पण त्यांचं लक्ष नव्हतं. मग त्यांचा सगळा चेहरा उजळला, इतका, की रेडिओनेही नजर खाली घातली.

"थँक यू, सर," मास्तर म्हणाले. "थँक यू व्हेरी मच."

तिथेच, दारात उभ्या उभ्या, त्यांनी खिशातून फोन काढला आणि घरी लावला. "अगं, ऐक. साहेब म्हणाले, तुमचीच वाट बघत होतो. घरच समजा म्हणाले! सगळ्यांसमोर! तू आत्ताच फोन कर डॉक्टरांना, तारीख घेऊन टाक. हो ग बाई, खरंच. विश्वास नाही ना? थांब, बाई इथेच आहेत, त्यांना विचार." आणि फोन माझ्या हातात दिला.

लिंबू परत आत गेले होते. काचेमागे ते कुठलासा कागद वाचत होते.

"ताई," फोनमधून बाई म्हणाल्या, "करू ना डॉक्टरांना फोन?"

"नका करू," मी म्हटलं. "वहिनी, मास्तरांना काढलंय. फोन करू नका."

मास्तर खदखदून हसले. किती महिन्यांनी मी त्यांना तसं हसताना बघत होते. माझ्या हातातला फोन त्यांनी ओढून घेतला.

"अगं, थट्टा करतायत त्या!" ते ओरडले. "तू लाव फोन!"